मशीनची चहाडी

१२ फेब्रुवारी, सोमवार

मशीनने आज माझी चहाडी केली!

दुपारी कपडे लावले, पेपर घेऊन पडलो आणि डोळा लागला. फोनने उठवलं. ही. तिकडे धड उजाडलंही नसेल, आणि पहिलं वाक्य काय — "अहो, कपडे काढले का?"

म्हटलं, कसले कपडे?

"मशीनमधले. केव्हाचं थांबलंय. कुबट वास मारतील. उठा आधी."

उठलो. काढले. झटकून वाळत घातले. डोक्यात एकच — सात समुद्रांपलीकडे बसून हिला कळलं कसं? मग आठवलं. लेक आणि जावई सुट्टीला आले होते तेव्हा हे मशीन घेतलं, आणि लेकीने हिच्या फोनवर कसलंसं ॲप चढवून दिलं. धुणं झालं की हिच्या फोनला कळतं. माझ्या नाही, हिच्या! जावई हसत होते, "आई, आता तिथे बसून बाबांचे कपडे धुवा. इथलं बटण तिथून दाबायचं." मी ते तिथून चालवायचं बटण त्यांची पाठ फिरताच बंद करून टाकलं. माझ्या घरात मी हात न लावता काही गरगरायला नको.

जाताना मशीन ठेवून गेले आणि हिला घेऊन गेले. लेकीचं बाळंतपण. अदलाबदल म्हणायची.

बोलणं झालं थोडंच. पण चांगलं वाटलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज मुद्दाम कपडे आत ठेवले. जागा राहून वाट बघितली.

फोन आला!

२० फेब्रुवारी

रविवारचा फोन वेगळा. रविवारी तिकडचे सगळे एका चौकटीत येतात. "आजोबांना हात कर, कर कर." बाळ छताकडे बघतं. जावई हवेबद्दल बोलतात. ही कुठे असते? तर बाळाच्या काखेतले दोन हात म्हणजे ही. चेहरा दिसलाच तर अर्धा. "बरे आहात ना?" — "बरा आहे." संपलं. बेचाळीस वर्षांच्या संसाराला एवढं पुरतं का?

मशीनचा फोन मात्र हिचा एकटीचा. बाळ झोपलेलं असतं, हळू आवाजात बोलते. टॉवेल आणि शर्ट एकत्र टाकले का? पावडर किती घातली? मग आपोआप गाडी दुसरीकडे वळते. गुडघ्याला तेल लावता का? खालच्या वहिनींची सून आली का माहेरून? आणि शेवटी, "ठेवू का?" मी "ठेव" म्हटल्याशिवाय ठेवत नाही. आधीपासूनच तशी. घरात असताना दिवा घालवतानासुद्धा विचारायची — घालवू का?

तेव्हा मी खेकसायचो. घालव की, विचारतेस काय!

३ मार्च, रविवार

पडदे धुतले. मळले नव्हते.

५ मार्च

उशांचे अभ्रे, पायपुसणी, हिचा स्वेटर (कपाटातला, स्वच्छ). स्वेटरवरून बोलणी खाल्ली — "लोकरीचं वेगळं बटण असतं! आटला असेल. मोजून बघा." मोजला. बाही जरा आखूड झाली. सांगितलं नाही.

जिन्यात खालच्या वहिनी भेटल्या. "भाऊजी, एकटा जीव सदाशिव, आणि रोज धुणं? आमच्या छतावर रोज विमान उतरतं!" तेवढ्यावर थांबतील तर त्या वहिनी कसल्या. "करमतं का हो एकट्याला?"

म्हटलं, न करमायला काय झालं? टीव्ही आहे. मशीन आहे.

हसल्या. मीही हसलो.

९ मार्च

नोकरी सगळी वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, वजाबाकी केली की माल. गाडीवाला काहीही सांगो, काटा खोटं बोलत नाही. या मशीनलाही कपड्यांचं वजन कळतं. आत टाकले की आधी जरा इकडे, जरा तिकडे हलवून बघतं, आणि मग वेळ दाखवतं. माझे आठवड्याचे कपडे टाकले तरी सगळ्यात कमी वेळ दाखवतं. ही होती तेव्हा दार ढकलून लावावं लागायचं.

आज चादर काढली धुवायला. मोठी, दुहेरी. उजेडात धरली तर एकच बाजू मळलेली. हिची बाजू घडीच्या रेघांसकट तशीच. तरी सगळी धुवावी लागते. अर्धी चादर कशी धुणार?

जेवलो नाही. भूक नव्हती.

१६ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. अवेळी. आधी विचारलं, बाळ बरं आहे ना? सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे काय...

"बाबा, तुमचं तर मस्त चाललंय! आईच्या फोनवर बघते ना मी, एक दिवस खाडा नाही. पडदे काय, चादरी काय! आई असतानासुद्धा घर इतकं स्वच्छ नसेल." मग जरा थांबून — "आईचं तिकीट पुढे ढकलू का? बाळ पाळणाघरात जाईपर्यंत? मला रजा मिळत नाहीये. तुमची अडचण नसेल तरच हं बाबा."

आता इथे शहाण्या माणसाने काय म्हणावं? अडचण आहे म्हणावं. या महिनाअखेरचं तिकीट आहे, मी बोटं मोजतोय म्हणावं. मी काय म्हटलं? "राहू दे की. माझं काय अडलंय?"

असं म्हटलं! या तोंडाने!

मागून हिचा आवाज आला. "बघ, म्हटलं नव्हतं तुला? त्यांचं काही अडत नाही." रागाने म्हणाली का कौतुकाने, कळलं नाही. फोनवर सगळे आवाज सारखेच.

१७ मार्च

म्हणजे मी रोज मशीन लावायचो तिचा फोन यावा म्हणून. आणि तिकडे त्याचा अर्थ — बाबा झकास आहेत, आईला आणखी ठेवून घ्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तोही रोज, पावडर घालून.

२४ मार्च

तिकीट बदललं. सप्टेंबर.

२ एप्रिल, मंगळवार

आज एक केलं. लिहायची लाज वाटते, पण इथे कोण वाचणार आहे?

कपडे भरले, बटण दाबलं आणि मशीनच्या पाण्याचा नळ बंद केला. जरा वेळ घुर्र घुर्र करत राहिलं बिचारं. मग कोकलायला लागलं. लाल आकडे.

फोन लगेच! "अहो, काय झालं? पाणी येत नाही म्हणतंय. नळ बघा. पाइप मुडपलाय का बघा. वाकू नका एकदम, कंबर धरेल. खुर्ची घ्या." मी खुर्चीवर बसून "बघतोय, बघतोय" म्हणत होतो. बघत काहीच नव्हतो. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. मध्येच म्हणाली, "मी असते तर चुटकीसरशी झालं असतं." म्हटलं, तू असतीस तर बिघडलंच नसतं.

मग हळूच नळ सोडला आणि म्हटलं, आलं आलं, पाणी आलं!

"हुश्श," म्हणाली. किती वेळ बोलत होतो आज!

४ एप्रिल

पुन्हा केलं.

५ एप्रिल, शुक्रवार

गडबड झाली. हिने तिथूनच कंपनीत तक्रार लावली आणि दारात मेकॅनिक हजर! "मॅडमनी सांगितलंय, पाणी घेत नाही."

मी म्हटलं, आता घेतं. "मग मधूनच घेत नाही? ते जास्त वाईट." पठ्ठ्या बसलाच फतकल मारून. पाइप काढला, जाळी धुतली, पाणी सोडून बघितलं. माझ्याकडे बघितलं. "काका, मशीन ठणठणीत आहे. नळ कुणी बंद केलेला का?"

"असेल," म्हटलं. "घरात कोण कोण असतं?" मी म्हटलं, मीच. तो हसला नाही, म्हणून बरा वाटला.

आलोच आहे तर म्हणून त्याने खालचं झाकण उघडून फिल्टर काढला. शी! काळा गाळ, धाग्यांचा गोळा, आणि त्यात सेफ्टी पिना. हिच्या! हिला सगळीकडे पिना. गळ्यातल्या साखळीत पिना, पर्समध्ये पिना, औषधाच्या डबीत पिना. मशीनलाही खाऊ घातल्या. त्या पुसून खिडकीत ठेवल्या.

मग माझी शाळा घेतली. धुणं झालं की दाराची रबराची कड पुसा, तिच्या घडीत पाणी साचतं. दार जरा उघडं ठेवा. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. पावडर निम्मी करा. आणि काम झालं की नळ बंद करा, पाइपवर दाब नको. "पण चालवताना उघडा हं काका." तेवढा टोमणा मारून गेला.

संध्याकाळी फोन. तपासणीचा कागद हिच्या फोनवर गेला होता! हे मशीन आहे का गावातला पोस्टमन?

"अहो, नळ आपोआप बंद होतो का?"

म्हटलं, जुना झालाय. फिरतो कधीकधी.

"दोन्ही वेळा फिरला?"

तिकडे बाळ रडत होतं. "बरं," म्हणाली. "बाळाला घ्यायचंय." आणि फोन ठेवला.

ठेवू का, म्हणून विचारलं नाही.

११ एप्रिल

तिचा फोन नाही. मीही मशीन लावलं नाही. कुठल्या तोंडाने लावू? आता लावलं तरी तिला वाटणार, घेतलं यांनी सोंग. चोराच्या मनात चांदणं.

भिंतीवरचं बटणच बंद करून टाकलं. शर्ट बादलीत भिजवले. पूर्वी नव्हतो का धूत? धूत नव्हतो. पूर्वी ही धुवायची.

२१ एप्रिल, रविवार

रविवारचा फोन. बाळाला दात येतोय. सगळ्यांनी तो शोधला, मलाही दाखवला, मला काही दिसला नाही, "वा वा" म्हटलं.

बाळाला धरलेल्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी होती. भाजलं? कापलं? विचारणार तेवढ्यात फोन जावयांकडे फिरला. त्यांनी खिडकीबाहेरचं झाड दाखवलं.

दिवसभर ते बोट डोळ्यासमोरून हलत नाही. एक साधा प्रश्न, आणि तो विचारायला जागा नाही! घरात असती तर ओरडलो असतो — लक्ष कुठे असतं तुझं?

२८ एप्रिल

पिळून पिळून मनगट सुजलं. जाड टॉवेल तर पिळलाच जात नाही. दोरीवरून खाली ठिबकला आणि वहिनी वर आल्या. भांडायला आल्या असं वाटलं. "भाऊजी, मशीन बिघडलं का? आवाज नाही हल्ली. चुकल्याचुकल्यासारखं होतं." कोपऱ्यात बादली बघितली. माझं मनगट बघितलं. खाली जाऊन मलमाची नळी आणून दिली.

करमतं का, असं या वेळी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आज मी खरं सांगितलं असतं.

७ मे, मंगळवार

लेकीचा फोन. ऑफिसमधून, एकटीचा.

"बाबा, तुमचं आणि आईचं भांडण झालंय का?"

म्हटलं, भांडायला समोर तरी असायला हवं ना माणूस!

"मग मशीन बंद का आहे? आई रोज ते ॲप उघडून बघते. सकाळी उठली की आधी ते. ऑफलाइन दाखवतं. मी विचारलं, काय बघतेस गं सारखं? तर म्हणते, काही नाही, वेळ बघतेय. बाबा, वेळ बघायला भिंतीवर घड्याळ आहे." तिचा आवाज जरा वेगळा झाला. "काल मला म्हणाली, त्यांनी घराला कुलूप घातल्यासारखं वाटतं. मी आपली निर्धास्त होते. तुम्हीच म्हणालात ना, काही अडलं नाही म्हणून?"

आता सांगावं! आणि म्हटलं काय — "विजेचं बिल जास्त येत होतं."

"बाबा!" म्हणाली. ठेवला.

मी त्या बंद मशीनसमोर स्टूल घेऊन बसलो. म्हणजे मी एकटाच वाट बघत नव्हतो. मी इथे कपडे आत ठेवून बसायचो, ती तिथे फोन उघडून बसायची. दोघं मिळून एका मशीनकडे बघत होतो, आणि मी रागाच्या भरात बटण बंद करून टाकलं. राग तरी कुणाचा? तिने मला पकडलं याचा!

मला करमत नाही. हे घे, लिहिलं. मला तिच्याशिवाय अजिबात करमत नाही, घर खायला उठतं, दोन खोल्यांत मी भांड्यातल्या चमच्यासारखा खुळखुळतो. इथे लिहायला काय जातं? तिला सांगायला जीभ रेटत नाही. कधी सवयच नाही लावली जिभेला.

मग उठलो. रबराची कड पुसली. ती दुहेरी चादर आत टाकली. कप्प्यात पावडर, निम्मी. दार लावलं. भिंतीवरचं बटण चालू केलं. आणि ते दुसरं, तिथून चालवायचं, जे मी जावयांच्या पाठीमागे बंद केलं होतं, ते शोधायला चष्मा लागला. दाबलं. छोटा निळा दिवा लागला.

मी सुरू करणार नाही. तिला वाटलं तर ती करेल.

८ मे

काही नाही.

१० मे

दिवा आहे. येता-जाता बघतो.

मशीन अडवून ठेवल्यामुळे शर्ट पुन्हा बादलीत. एवढं महागाचं मशीन, आणि हा शहाणा त्याच्याशेजारी बसून हाताने कपडे घासतोय! कुणी बघितलं तर वेड्यांच्या इस्पितळात भरती करतील. मनगट दुखतंय. वहिनींचं मलम लावलं.

दार बंद आहे म्हणून आत वास धरेल. धरू दे.

१२ मे, रविवार

सगळे चौकटीत. दात आता मलाही दिसला. हिच्या बोटावर पट्टी नव्हती.

लेकीने सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, मशीनचं काय?"

म्हटलं, भरून ठेवलंय. पावडर घातलीय. नुसतं सुरू करायचं बाकी आहे.

"मग करा की सुरू!" जावई म्हणाले. हसले. चांगले आहेत स्वभावाने, पण कळत काही नाही.

बाळ हिच्या मांडीवरून हिच्याकडेच बघत होतं.

१४ मे

नाही.

कदाचित तिला ते बटण माहीतच नसेल. कदाचित माहीत असेल.

१५ मे, बुधवार

सकाळी दाढी करत होतो. एका गालाला साबण. मागे टुंग टुंग वाजलं. वळलो तर ड्रम जरा इकडे, जरा तिकडे हलत होता. चादरीचं वजन बघत होता. मी आरशापाशी, दोन्ही हात माझ्याजवळ.

आणि नळ बंद! त्या मेकॅनिकने लावलेली सवय! तसाच धावलो, वस्तरा हातात. उघडला. पाणी आलं.

फोन वाजला. तिकडे सगळे झोपले असावेत, अगदी हळू बोलत होती.

"नळ बंद होता ना?"

"हो. आत्ता उघडला. या वेळी खरंच विसरलो."

"माहीत आहे." मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. "अहो, मला इथे करमत नाही हो."

ये, म्हटलं. मलाही नाही करमत.

रडली का काय, कळलं नाही. गालावरचा साबण वाळून ताणत होता. मग नेहमीसारखं विचारलं, "ठेवू का?"

नको, म्हटलं. चादर होईपर्यंत थांब.